अमावास्येपुरता मसाला

वैशाखात मला आधी शिंक येते, मग आठवण. शिंक मागच्या गावठाणातून येते. तिथे फिलूच्या अंगणात मिरच्या पसरल्या की त्यांचा खाट आमच्या सातव्या मजल्यापर्यंत चढतो. खिडकी लावली तरी येतो. सून म्हणते, "आई, एअर प्युरिफायर लावू का?" मी म्हणते, लाव की. यंत्राला शिंका येऊ देत, मला नकोत. पण खरं सांगायचं तर मी खिडकी लावतच नाही. वर्षातून एकदा हे नाक झोंबणं माझ्या हक्काचं आहे. शिक्षा म्हणा हवं तर.

या वर्षी शिंकेबरोबर नातही आली. ओवी तेरा वर्षांची आहे. हातात फोन, आणि चेहरा असा, की घाबरलेय हे कुणाला कळू नये. "आजी, हा बघ ना. हा माणूस म्हणतोय पुढच्या महिन्यात सगळं संपणार. तीन दिवस अंधार. लाखो लोकांनी बघितलंय." मी चष्मा लावून बघितलं. दाढीवाला, मागे निळे ढग, भीतीदायक संगीत. "मग?" मी म्हटलं. "मग काही नाही. मी फक्त विचारतेय की गणिताचा क्लास आत्ता लावायचा की पुढच्या महिन्यानंतर?"

मला हसू आलं आणि हसता हसता कानशिलं गरम झाली. हिशेब रक्तातच असावा. कारण पंचवीस वर्षांपूर्वी याच बोरीवलीत एका पंचेचाळीस वर्षांच्या, बी.ए. झालेल्या, महिला मंडळात 'अंधश्रद्धा आणि स्त्री' या विषयावर भाषण ठोकलेल्या बाईने असाच हिशेब केला होता. क्लासचा नाही, मसाल्याचा. ती बाई मी.

तेव्हा आमची इमारत तीन मजल्यांची होती. गच्चीला डांबराचा वास होता, पाण्याची सिमेंटची टाकी होती आणि किल्ली माझ्याकडे होती. आता बावीस मजले झालेत आणि गच्चीवर सोलरच्या पाट्या. किल्ली सिक्युरिटीकडे. पापड वाळवायचे म्हटलं तर अर्ज करावा लागेल. पण तेव्हाच्या गच्चीवर चैत्र-वैशाखात पाय ठेवायला जागा नसायची. आमच्या बिल्डिंगची वाळवणं एका बाजूला आणि फिलूच्या मिरच्या दुसऱ्या बाजूला. फिलू सोसायटीची मेंबर नव्हती. कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती गावठाणातली ती, नाव फिलोमिना, 'मला'ला 'मना' म्हणणारी. तिच्या अंगणावर तेव्हा फणसाची गर्द सावली होती, म्हणून मी तिला गच्ची दिली. "बाहेरच्यांना कशाला?" असं एक-दोघं कुरकुरले. ते फिलूच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "बाहेरची मी? माझा आजा हितं भात लावायचा, तवा तुमचे आजे कोकणात मुंबई कुठल्या दिशेला ते विचारत होते." आम्हाला ती पाव्हणे म्हणायची. अजून म्हणते.

तिचा मसाला बाटल्यांत भरतात. तीन-चार जातींच्या मिरच्या, धणे, तीळ, खसखस, हळकुंडं, अगदी गहू आणि चणेसुद्धा. सगळं उन्हात कडक करायचं, खापरावर भाजायचं, बायकांनी उखळात कुटायचं आणि काळपट बिअरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. वर्षभर टिकतो. आमच्या ह्यांनी एकदा भोळेपणाने विचारलं, "एवढ्या बाटल्या आणता कुठून?" फिलू म्हणाली, "भावजी, मसाला माझा, बाटल्या नवऱ्याच्या. दोघं वर्षभर राबतो तवा होतं." नवरा तिचा बोटीवर. आठ महिने समुद्रात आणि चार महिने बाटल्या रिकाम्या करायला घरी.

तिसरी नलिनी. आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. मूळची अकोल्याकडची, घरी बुद्धाची मूर्ती, दवाखान्यात नर्स. सुट्टीच्या दिवशी वर यायची, वाळवणाला हात लावायची नाही, टाकीच्या सावलीत पाय पसरून बसायची आणि आमच्या धर्मांची नाडी तपासायची.

त्या गप्पा अजून कानात आहेत. कावळ्यांना हाकलत, मिरच्यांची देठं खुडत आम्ही जगाचा शेवट करायचो. मी सगळ्यात शहाणी. म्हणायचे, "फिलू, तुमचा देव फारच घाईचा गं. शेवटचा दिवस, शेवटचा न्याय! आमच्याकडे बघ, कलियुगच अजून चार लाखांवर वर्षं चालायचंय. निवांत." फिलू मिरची खुडता खुडता म्हणायची, "घाई नाय गो. त्यानं तारीखच सांगितली नाय. सांगितली असती तर तुझ्यासारख्या लोकांनी आदल्या दिवशी पापं कबूल केली असती आणि बाकी वर्षभर मजा." नलिनी डोळे न उघडता म्हणायची, "आमच्यात असला एकच शेवटचा दिवस नसतो. सगळं रोजच संपतं आणि रोजच सुरू होतं. माझं साडेसातच्या ड्यूटीला सुरू होतं." मी विचारायचे, "म्हणजे तुला भीतीच नाही कशाची?" "आहे ना. मेट्रनची."

मला वाटायचं, या वादात मीच जिंकते. लाखांत बोलणाऱ्याला तसं वाटतंच. चार लाख वर्षं पदरात असली की माणूस आजच्या दिवसाकडे बघत नाही, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्याच वर्षी चैत्रात वर्तमानपत्राबरोबर एक गुलाबी कागद आला. कुठल्याशा बाबांचा. वैशाखी अमावास्येला समुद्र हायवेपर्यंत येणार, मग तीन दिवस सूर्य उगवणार नाही. घरात तुपाचा दिवा लावून बसावं. उंबरा ओलांडू नये. कुणीही, अगदी ओळखीच्या आवाजात, दार ठोठावलं तरी उघडू नये.

पहिल्या दिवशी मी तो कागद फिलूला आणि नलिनीला हसत हसत वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी समुद्राची पातळी आणि आमचा दुसरा मजला यांचं गणित मांडलं. चार लाख वर्षांची मालकीण मी, महिन्याभरावर आले! माझं कलियुग त्या गुलाबी चिटोऱ्यात कसं गुंडाळलं गेलं, हे मला अजून उलगडलेलं नाही. जिच्या धर्मात शेवटचा दिवस खरोखर लिहिलेला, ती फिलू मिरच्या उलटत होती. जिच्या धर्मात नाही ती नलिनी झोपली होती. आणि मी, जिच्या शास्त्रात अजून युगभर वेळ शिल्लक, ती हायवेकडे बघत होते.

नलिनीने एकदा तो कागद मागून घेतला. नर्स औषधाच्या बाटलीवरची तारीख बघते तसा उलटसुलट बघितला. म्हणाली, "सुधाताई, मागे वाचलंत का? प्रलय अमावास्येला. आणि बाबांचा भंडारा त्यानंतरच्या पौर्णिमेला. मंडप कोण घालणार आहे?" यावर मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हटलं, "वाचलेल्यांसाठी असेल." आणि हे मी गंभीरपणे म्हटलं. नलिनीने कागद माझ्या हातात परत ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि म्हणाली, "जपून ठेवा मग. मंडपात दाखवावा लागेल."

आता मसाल्याचं. आमचा मालवणी मसाला दर वर्षी पाच किलो मिरच्यांचा व्हायचा. त्या वर्षी मी पाऊण किलो मिरच्या आणल्या. अमावास्येपर्यंत पुरतील एवढ्या, आणि वर थोड्या, तारीख पुढेमागे झालीच तर. हे कुणाला सांगितलं नाही. ह्यांना म्हटलं, यंदा मिरची चांगली नाही. जगबुडीची तयारी मी अशी केली: पाच किलोच्या जागी पाऊण किलो. लोक पापांचा पश्चात्ताप करतात, देणी-घेणी मिटवतात, मी मसाला कमी केला. महाप्रलय आला असता तर चित्रगुप्ताने काय लिहून घेतलं असतं, देव जाणे.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं मी फारसं कुणाला सांगत नाही.

फिलूच्या पोटात गाठ निघाली होती. गर्भाशय काढायचं ठरलं. नवरा बोटीवर, मुलगी लहान, ती वसईला मावशीकडे ठेवलेली. डॉक्टरने जो दिवस दिला तो नेमका अमावास्येचा. मी म्हटलं, "अगं, पुढे ढकल." ती म्हणाली, "पोटातली गाठ कॅलेंडर बघत नाय गो. तू फक्त बाहेर बस. काय करू नको, नुसती बस. बाहेर आपलं माणूस आहे म्हटलं की आत बरं वाटतं." मी हो म्हटलं. तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

त्या सकाळी हे कामावर गेले, मुलगा मामाकडे. मी तुपाचा दिवा लावला. आठच्या सुमारास दार वाजलं.

"सुधे, निघायचं ना?"

मी दाराच्या आतल्या बाजूला उभी. अंगावर गोधडी. वैशाखात! घाम कानामागून ओघळतोय. म्हटलं, "फिलू, रात्रीपासून फणफणलेय गं. डोळे उघडत नाहीत."

बाहेर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "बरं गो. पडून राहा. दार उघडू नको, वारा लागेल." मग पिशवीची सळसळ. "चार लिंबं ठेवलीत दाराशी. दवाखान्यात न्यायला घेतली होती. सरबत कर. मी नलूला विचारते, तिला आज सुट्टी आहे."

पोट चिरून घ्यायला निघालेली बाई, ताप नसलेल्या बाईच्या दाराशी लिंबं ठेवून गेली. आणि ओळखीच्या आवाजातही दार उघडू नये, हा बाबांचा आदेश मी अक्षरशः पाळला. माझ्या आयुष्यात मी एवढं कडक व्रत दुसरं केलेलं नाही.

तिची पावलं खाली गेली. मग माझ्या मनात आलं, समुद्र कुठवर आला असेल? उंबरा ओलांडायचा नव्हता. पण जिना इमारतीच्या आतच असतो, म्हणून गच्ची चालते, असा शास्त्रार्थ मी स्वतःच काढला. चार लिंबं ओलांडून वर गेले. पश्चिमेला बघितलं. गोराईच्या दिशेला नेहमीचा पांढुरका उजेड, दोन घारी, बस. खाली फाटकाशी रिक्षा उभी होती. नलिनी फिलूला धरून आत बसवत होती. मी कठड्यामागे वाकले. वाटलं, दिसले नाही.

दिवसभर मी वर-खाली करत राहिले. फिलूच्या मिरच्या पसरलेल्या होत्या, त्या दोनदा उलटल्या. करायला दुसरं काही नव्हतं, आणि मनाला काहीतरी चाळा हवा होता. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी ऊन असं पडलं की मिरच्या बोटात कुरकुरायला लागल्या. इतक्या छान त्या कधीच वाळल्या नव्हत्या.

संध्याकाळी नलिनी आली. तेव्हा मी दार उघडलं, कारण समुद्र आला नव्हता हे मला सगळ्यांआधी कळलं होतं. ती म्हणाली, "झालं. बरी आहे." मग माझ्या कपाळावर हात ठेवला. नर्सचा हात. एक, दोन, तीन सेकंद. माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. पर्समधून गोळी काढून दिली. "ही घ्या ताई. ताप नसला तरी चालते."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. अगदी वेळेवर. निर्लज्जासारखा, असं म्हणणार होते, पण तो शब्द मला सूर्यासाठी वापरायचा नाही.

ज्येष्ठात माझा मसाला संपला. मग मी वाटी घेऊन कुंपणापलीकडे गेले. फिलू पोटाला पट्टा बांधून बसली होती. बाटली तिने मांडीवर आडवी धरली, काठीने मसाला मोकळा केला आणि वाटी शिगोशीग भरली. "यंदा मिरची चांगली नव्हती," मी म्हटलं. "हो का?" ती म्हणाली. एवढंच. त्या वर्षभर माझ्या घरात आमटीपासून सुकटीपर्यंत सगळं फिलूच्या मसाल्यात शिजलं. हे म्हणायचे, "या वर्षी जेवणाला वेगळीच चव आहे." मी म्हणायचे, हं.

मी तेव्हाच का नाही सांगितलं? आधी लाज आड आली, मग उशीर आड आला, मग वाटलं, तिला कुठे ठाऊक आहे. पंचवीस वर्षं आम्ही रोज भेटत आलो. तिची मुलगी परदेशी गेली, नवरा वारला, फणस पडला, नलिनी मुलाकडे मुलुंडला राहायला गेली. प्रत्येक चैत्रात मी तिच्याबरोबर देठं खुडली आणि प्रत्येक चैत्रात ते वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

या वर्षी फिलूने निरोप पाठवला, ये. तिचे हात आता कापतात. पोटाचं दुखणं परत उठलंय. अंगणात मी खाटेवर मिरच्यांचं पोतं ओतलं तर म्हणाली, "सगळ्या नको. अर्धाच करूया यंदा."

"अर्धा का?"

"डॉक्टर बोलला, वर्ष काढाल असं वाटत नाय. डॉक्टर पण बाबाच गो. फक्त गुलाबी कागद छापत नाय."

मी देठ खुडायचं थांबवलं. गुलाबी कागद तिच्या तोंडून पंचवीस वर्षांनी ऐकला.

"फिलू, एक सांगायचंय."

"सांग. हात थांबवू नको."

"त्या दिवशी मला ताप नव्हता."

कुठल्या दिवशी, हे तिने विचारलं नाही. तेव्हाच मला कळायचं ते कळलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे मना. रिक्षात बसताना वर बघितलं. तू डोळ्यांवर असा हात धरून दर्याकडे बघत होतीस, मग मांजरासारखी खाली बसलीस. मी नलूला बोलले, चला, मिरच्यांना राखण आहे." आणि हसायला लागली. हसता हसता खोकली. मी पाणी दिलं.

"राग नाही आला?"

"आला तर! फार आला. टेबलावर झोपवलं, ती मंडळी बोलली देवाचं नाव घ्या, आणि मी तुला शिव्या देत होते. देवाचं नाव राहूनच गेलं." मग मिरची हातात फिरवत म्हणाली, "नलू होती बाहेर. ती चांगली. पण मना तू पायजे होतीस."

  मी सगळ्या मिरच्या पसरल्या, पोतं झटकून रिकामं केलं. ती म्हणाली, "अगो, अर्धाच बोलले ना! वर्षाचा कोण खाणार?"

मी म्हटलं, "तू. तारखेवर मसाला करायचा नसतो. मी करून बघितलाय."

त्या दिवशी घरी येऊन ओवीला सगळं सांगितलं. गोधडीसकट. ती आधी हसली, मग हसायची थांबली. "आजी, हे खूप वाईट होतं," ती म्हणाली. होतं. मग तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि मी तिला नलिनीचा प्रश्न दिला: याचा भंडारा कधी आहे ते बघ. तिने शोधलं. त्या माणसाची दिवाळीतल्या शिबिराची नावनोंदणी चालू होती. क्लास तिने लगेच लावला, असं काही मी म्हणणार नाही. पण फोन उलटा ठेवला.

फिलूची मोठ्या डॉक्टरकडे तपासणी ठरली, तो दिवस मी कॅलेंडरवर लिहायला गेले तर ओवीने बोट ठेवलं. "आजी, इथे काळा गोळा आहे." अमावास्या. वैशाखीच. मी म्हटलं, "असू दे. चार लिंबं काढून ठेव."

सकाळी आठला गेले. फिलूचं दार बंद. वाजवलं.

"फिलू, निघायचं ना?"

 आतून बारीक, आजारी, कण्हता आवाज आला.

"सुधे, रात्रीपासून फणफणलेय गो. डोळे उघडत नाय."

मला हसू फुटलं. पण ते ओठांवर आलंच नाही. दार बंद होतं, पिशवीत लिंबं होती, गल्लीतून जाणारा एक माणूस माझ्याकडे बघून पुढे गेला. मी उभी होते. अर्धं मिनिट असेल, फार तर एक. इतकं लांब मिनिट मी आयुष्यात उभी राहिले नव्हते. ती यापेक्षा किती जास्त उभी होती, पोटात गाठ घेऊन!

मग आत कडी वाजली. फिलू साडी नेसून, चप्पल घालून, पिशवी खांद्याला लावून तयार उभी होती.

"दर्या आला का बघून आलीस?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही. आज बघितलाच नाही." आणि तिच्या खांद्यावरची पिशवी माझ्या खांद्यावर घेतली.